अंजीर बर्फी शुगर-फ्री असेल, आपली नाही



हल्ली आपल्या समाजातल्या कुठल्याही कार्याला जा, ताटात एक तपकिरी चौकोनी वडी असतेच. वर खसखस, आत बदाम-पिस्त्यांचे तुकडे. वाढणारी मुलगी आग्रह करते, "काकू, घ्या ना, शुगर-फ्री आहे, अंजीर-खजुराची." मग मधुमेह असलेल्या बायका दोन उचलतात, पर्वात गोड रस सोडलेल्याही दोन उचलतात. या वडीविरुद्ध मला कधीपासून लिहायचे होते. कुणाला राग आला तर येऊ दे, क्षमावाणी आहेच.

आधी अंजिराचे बघू. पाठशाळेत आपण सगळ्यांनी आठ मूलगुण पाठ केले आहेत. मद्य, मांस, मधु यांचा त्याग आणि पाच उदुंबर फळांचा त्याग. वड, पिंपळ, पायर, उंबर आणि पाचवे अंजीर. हे मुनींचे व्रत नाही, श्रावकाची पहिली पायरी आहे. बटाटा आणि कांदा चुकून पानात आला तर आपण ताट बाजूला सारतो, केटररला चार शब्द सुनावतो. आणि त्याच केटररने मंडपात अंजीर बर्फी मांडली तर तिला "हेल्दी" म्हणून पहिली पसंती! कांदा निदान सोलून, चिरून बघता तरी येतो. अंजिराची फुले फळाच्या आतच असतात आणि कित्येक जातींत बारीक माशी आत शिरून परागीभवन करते. बिनमाशीच्या जातीही आहेत, हे मला माहीत आहे. पण मूलगुणाला जातीप्रमाणे सूट आहे असे मी तरी कुठे वाचलेले नाही. पुरंदरच्या शेतकऱ्याशी माझे काही भांडण नाही. त्याने पिकवावे, ज्यांना चालते त्यांनी खावे. आपण मात्र धर्म आणि आरोग्य या दोन्ही नावांनी तेच खातो, हे मला खटकते.

मधाचेही तेच. मोबाइलवर सुक्या मेव्याच्या लाडवाची कुठलीही कृती उघडा, तिसऱ्या ओळीला "साखरेऐवजी दोन चमचे मध" येतेच. पौष्टिक वड्या म्हणून पाकिटे मिळतात, त्यांतही मध असतो. पाकिटामागची बारीक अक्षरे वाचायला आपल्याला चष्मा शोधायचा कंटाळा येतो. मुलगा परगावी होस्टेलला असेल तर त्याच्या बॅगेतली अशी पाकिटे एकदा पालथी करून बघा.

आता "शुगर-फ्री" या शब्दाकडे येते. मी १९८१ ची बी.कॉम. आहे. एका खात्यातून रक्कम काढून दुसऱ्या खात्यात टाकली म्हणजे ती नाहीशी होत नाही, एवढे आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवले होते. १०० ग्रॅम खजुरात ६० ग्रॅमच्या वर साखर असते. चाळीस ग्रॅमच्या एका वडीत पंचवीस ग्रॅम खजूर धरला तरी पंधरा ग्रॅम साखर झाली, म्हणजे सरळ तीन चमचे. दोन वड्यांना सहा. चहात अर्धा चमचा साखर घ्यायला घाबरणारी बाई जेवण झाल्यावर सहा चमचे घेते आणि वर म्हणते, आज मी गोड खाल्लेच नाही. खजुरात तंतू आहेत, खनिजे आहेत, नुसत्या पांढऱ्या साखरेपेक्षा तो बरा, हे मला मान्य. पण बरा म्हणजे फुकट नव्हे. गुळाचेही तसेच. गूळ आणि साखर यांच्या उष्मांकात म्हणावा असा फरक नाही. रंग तांबूस आहे म्हणून शरीर त्याला माफ करत नाही.

रसपरित्यागाच्या बाबतीत तर मला हसावे की रडावे कळत नाही. दूध, दही, तूप, तेल, मीठ आणि गूळ-साखर हे सहा रस. त्यांतला गोड रस सोडला असे सांगायचे आणि खजुराचे चार लाडू खायचे, कारण "त्यात साखर नाही". जिभेचा लाड तसाच राहिला, तर सोडले काय? बाह्य तपांत रसपरित्यागाच्या आधी अवमौदर्य येते, भुकेपेक्षा कमी खाणे. त्याला कृती लागत नाही, सामान लागत नाही, म्हणून त्याचे कौतुकही नाही.

याचा अर्थ सुका मेवा वाईट असा नाही. उलट आपल्यासारख्या घरांना त्याची गरज जास्त आहे. मांस-अंडी नाहीत, कंद नाहीत आणि सूर्यास्तानंतर जेवण नाही. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. ऑफिसात सात वाजेपर्यंत अडकणाऱ्या सुनेने काय करावे? तिच्या डब्यात साडेपाच वाजता खाण्यासारखे काही पोटभरीचे असले, तर तिचा नियमही टिकतो आणि डोकेही दुखत नाही. शाळेतून येणाऱ्या नातवंडांचे तेच. मूठभर दाणे-बदाम पोटात असले की बिस्किटाचा पुडा फुटत नाही. (अगदी लहान मुलांना अख्खा दाणा देऊ नये, घशात अडकतो. कुटून द्यावा.) हे काम घरचा लाडूच करू शकतो. विकतचा का नाही, तेही सांगते.

घरात आपण शोधतो. काजूच्या दोन पाकळ्या उघडून बघतो, अक्रोडाच्या खाचेत जाळी आहे का बघतो, खजूर फाडून आत बघतो. ज्यांनी कधी किलोभर काजू उघडून पाहिले आहेत त्यांना मी काय म्हणते ते कळेल. कारखान्यात हे कोण करणार? शिवाय मर्यादा. पिठाला पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, थंडीत सात, हे आपल्या आज्यांना तोंडपाठ होते. आमच्या घरी दाण्याच्या आणि बदामाच्या कुटालाही हीच मर्यादा लावतो. त्यात नुसती श्रद्धा नाही. दाणा फुटला की त्यातले तेल हवेला उघडे पडते आणि कूट खवट होतो. मग सहा महिने टिकणाऱ्या वडीत काय काय घातले असेल, याचा विचार ज्याने त्याने करावा. वर्खाबद्दल मागे एकदा लिहिले होते. पारंपरिक वर्ख जनावरांच्या आतड्याच्या पापुद्र्यांत कुटत, एवढेच पुन्हा सांगते. घरच्या लाडवाला वर्ख लागतच नाही.

आता माझा खरा राग. सुका मेवा म्हटले की आपल्याला फक्त काजू, बदाम, पिस्ते आठवतात. शेंगदाणा काढला की तोंड वाकडे होते. "पाहुण्यांना काय दाण्याचे लाडू द्यायचे?" अगं, आपण सांगली-कोल्हापूरकडच्या बायका, शेंग आपल्या दारची. १०० ग्रॅम शेंगदाण्यात प्रथिने पंचवीस ग्रॅम, बदामात एकवीस, काजूत अठरा. किंमत उलट्या क्रमाने. एकीने मला विचारले, शेंग जमिनीखाली येते, मग ती कशी चालते? शेंग हे मूळ नाही. फूल वर येते, मग त्याची दांडी जमिनीत शिरते आणि तिथे शेंग धरते. ती अनंतकाय कंद नव्हे. तरीही जिला सोडायची असेल तिने जरूर सोडावी. पण "गरिबांचे बदाम" म्हणून सोडू नये.

माझा लाडू असा. भाजून सोललेले दाणे पाव किलो, बदाम १०० ग्रॅम, सुके खोबरे १०० ग्रॅम, गूळ १५० ग्रॅम, तूप दोन मोठे चमचे, वेलची. थंडीत खोबऱ्याऐवजी तीळ. दाणे आणि बदाम मंद आचेवर वेगवेगळे भाजायचे, कारण बदामाला वेळ जास्त लागतो. खोबरे किसून शेवटी, नुसते कोमट होईपर्यंत. गार झाल्यावर भरड कुटायचे. मिक्सर सलग फिरवला तर तेल सुटून चिकट गोळा होतो. गूळ किसून कुटातच घालायचा आणि तुपाने वळायचे. पाक नाही, पाण्याचा थेंब नाही. वीस-वीस ग्रॅमचे एकतीस लाडू होतात, काट्यावर तोलून वळलेले. एका लाडवात गूळ पाच ग्रॅमच्या आत, उष्मांक सव्वाशेच्या आत. मागच्या महिन्यात आमच्या वाण्याच्या भावाने सगळे सामान १८० रुपयांचे झाले, म्हणजे लाडू सहा रुपयांच्या आत. अंजीर बर्फी त्याच आठवड्यात बाराशेच्या पुढे किलो होती.

तोलायला मी मुद्दाम सांगते. दाणे-बदाम म्हणजे तेलच, १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या वर उष्मांक. लिंबाएवढा लाडू आणि छोट्या मोसंब्याएवढा लाडू यांत दुपटीहून जास्त फरक पडतो. घरचा आहे म्हणून चार खाल्ले तर विकतच्या वडीला नावे ठेवायचा हक्क गेला.

"वेळ कुठे आहे?" हा प्रश्न येणार. भाजायला, कुटायला, वळायला मला सव्वा तास लागतो, शोधायला अर्धा. साठी उलटलेल्या आपण बायका दुपारी काय करतो ते आपल्याला ठाऊक आहे. नोकरी करणाऱ्या सुनेवर हे ढकलू नका. तिच्याकडून अपेक्षा एवढीच, की आपण दिलेला डबा तिने रिकामा आणावा. आणि मुलालाही दाणे सोलायला बसवा, त्याचे हात काही झिजत नाहीत.

आमच्या महिला मंडळात यंदा क्षमावाणीला वाटायच्या पुड्यांचा विषय निघाला आहे. दोघींचे म्हणणे, नेहमीच्या दुकानातूनच मागवू, खोका छान दिसतो. त्या खोक्यात सहा वड्या, तीन प्लास्टिकच्या पन्न्या आणि एक रिबन असते. मी म्हटले, दाण्याचे दोन लाडू कागदी पुडीत देऊ, सामान मंडळाचे, हात आपले. दहा जणी तयार झाल्या आहेत, अजून पाच-सहा हव्यात. पावसाळा आहे, तीन दिवसांची मर्यादा आहे, म्हणून लाडू आदल्या दिवशीच वळायचे. चतुर्दशीला ज्यांचा उपवास नाही त्यांनी दुपारी दोन वाजता वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात यावे. खलबत्ता असेल तर आणावा. काटा मी आणते.