स्वस्त हवं की इथलं?

झारापच्या फाट्यावर आमच्या गाडीत दरवेळी एक छोटी लढाई होते. मुंबईहून गोव्याला निघालेला महामार्ग झारापहून थेट पत्रादेवीकडे निघून जातो आणि सावंतवाडी शहर बाजूला राहते. सरळ गेले तर अर्ध्या तासात गोव्याची हद्द. वळले तर जेवणाची वेळ टळते. चिरंजीव म्हणतात, "सरळ." सौ. म्हणतात, "वळा." गेल्या मे महिन्यात नातीचे मत सौ.च्या बाजूने पडले आणि गाडी सावंतवाडीकडे वळली.

पूर्वी ही लढाई होण्याचे कारणच नव्हते. रस्ता गावातूनच जात असे. गोव्याला जाणाऱ्या माणसाला मोती तलाव दिसायचाच, चहाला उतरायचेच, आणि चहाला उतरला की दोन पावलांवरची लाकडी खेळणी बघायचीच. १९८६ साली लग्नानंतर आम्ही दोघे एस.टी.ने गोव्याला गेलो तेव्हा असेच उतरलो होतो. चितार आळीत एका म्हाताऱ्या गृहस्थांकडून लाकडी फळे घेतली. आंबा, केळे, सीताफळ, पेरू आणि एक वांगे. त्यांनी पस्तीस रुपये सांगितले, मी पंचवीसला आणले. गाडीत बसल्यावर दहा रुपये वाचवल्याचा कोण आनंद झाला होता! ती फळे आजही आमच्या शोकेसमध्ये आहेत. केळ्याचे टोक उडाले आहे, पण आंब्याचा रंग तसाच आहे. पाहुण्यांची लहान मुले अजूनही त्या आंब्याला दात लावून बघतात.

आता रस्ता लांबून जातो. जो येतो तो ठरवून येतो. निदान असे ठरवून येणारा माणूस तरी चोखंदळ असेल, असे आपल्याला वाटते. मलाही वाटत होते. पण सौ.च्या पर्समध्ये एक यादी होती. तिच्यावर चौदा नावे होती. शेजारच्या वहिनी, धाकट्या जाऊबाई, नातीच्या वर्गशिक्षिका, भिशीतल्या चौघी... प्रत्येकीला 'आठवण म्हणून काहीतरी'. या 'काहीतरी'चे अंदाजपत्रकही ठरलेले होते. प्रवासाहून परतणाऱ्या कुठल्याही मराठी कुटुंबाच्या पिशवीत ही यादी सापडेल. हसू नका, तुमच्याही पिशवीत असेल.

एका दुकानात शिरलो. भिंतीपासून छतापर्यंत रंगच रंग. भोवरे, खुळखुळे, बाहुल्या, भातुकलीचे डबे, चाकांचे हत्ती. सगळे चकचकीत, सगळे एकसारखे. सौ.नी चौदा नग निवडायला सुरुवातही केली. मी मात्र एक हत्ती हातात घेऊन जरा घोटाळलो. हाच हत्ती, याच रंगाचा, याच चाकांचा, मी म्हैसूरच्या रस्त्यावर पाहिला होता. तेवढ्यात काउंटरखालचे खोके दिसले. त्यावर परराज्यातल्या गावाचे नाव छापलेले होते.

मी जरा चढ्या आवाजात विचारले, "हे इथलंच आहे ना?"

दुकानदार पन्नाशीचे असतील. रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "काका, आधी तुम्ही सांगा. तुम्हाला स्वस्त हवं की इथलं?"

मला उत्तर सुचेना. कारण खरे उत्तर होते, 'दोन्ही'. आपल्याला दोन्ही हवे असते. वस्तू अस्सल हवी, हाताने केलेली हवी, तिच्यामागे चार पिढ्यांची परंपरा हवी, आणि भाव मात्र यंत्राच्या मालाचा हवा. १९८६ साली मी दहा रुपये वाचवले होते ना, ते नेमके कोणाच्या खिशातून, हा प्रश्न मला त्या दुकानात उभे असताना प्रथमच पडला.

गंमत बघा, हेच आपण आंब्याच्या बाबतीत किती जागरूक असतो! पेटी उघडली की वास घेतो, देठ बघतो, "देवगडच्या नावाखाली कर्नाटकचा तर देत नाही ना?" म्हणून विक्रेत्याची उलटतपासणी घेतो. कर्नाटकचा आंबा वाईट असतो म्हणून नव्हे. देवगडचे पैसे मोजून दुसरा घ्यायचा नसतो म्हणून. आणि देवगडचा असेल तर दोन पैसे जास्त जाणार, हे आपण मुकाट्याने मान्यही करतो. मग खेळण्यांच्या दुकानात आपले हे नाक कुठे जाते?

कर्नाटकातल्या चन्नपटणची खेळणीही अशीच नावाजलेली आहेत. चरकावर फिरवून, लाखेच्या रंगाने रंगवलेली ती गोल, तुळतुळीत खेळणी हा त्या गावाचा स्वतःचा वारसा आहे आणि त्याला भौगोलिक मानांकनही आहे. त्यांचे दुःखही आपल्यासारखेच. २०२३ साली बंगळुरू-म्हैसूरचा नवा द्रुतगती मार्ग सुरू झाला, गाड्या गावाबाहेरून जाऊ लागल्या आणि रस्त्याकाठच्या खेळणी विकणाऱ्यांची गिऱ्हाइके आटली. तेव्हा बाहेरचा माल म्हणजे खोटा माल, असे कोणी समजू नये. तिथे बनलेली बाहुली तिथली म्हणून विकली तर ती अस्सलच. इथली म्हणून विकली तर खोटी. खोटेपणा लाकडात नसतो, बोलण्यात असतो.

स्वस्ताईलाही मी सरसकट नावे ठेवणार नाही. सावंतवाडीच्या गंजिफांचेच उदाहरण घ्या. गंजिफा म्हणजे गोल पत्ते. हा खेळ आपल्याकडे बराच जुना. बाबराने १५२७ साली सिंधमधल्या शहा हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. सावंतवाडीत या कलेला खेम सावंत तिसरे यांच्या काळात, म्हणजे १७५५ ते १८०३ या वर्षांत, राजाश्रय मिळाला. पण पूर्वीही गंजिफा दोन प्रकारच्या होत. एक दरबारी, बारीक कलाकुसरीची. दुसरी 'बाजार कलम', म्हणजे साध्या माणसाला परवडेल अशी, चार फटकाऱ्यांत रंगवलेली. स्वस्त होती, पण त्याच हातांची होती. राजाने एक घ्यावी, दुकानदाराने दुसरी घ्यावी, आणि रंगवणाऱ्याची चूल दोहोंवर पेटावी, असा तो हिशेब होता.

तो हिशेब छापील पत्त्यांनी मोडला. ही कला जवळजवळ संपलीच होती. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कलावंताकडून ती जाणून घेतली, राजवाड्यात कारागीर बसवले, आणि राणीसाहेबांनी स्वतः हातात कुंचला धरला. २०२४ साली सावंतवाडीच्या गंजिफांना भौगोलिक मानांकन मिळाले. आनंदाची गोष्ट आहे. पण मानांकनाचा कागद कारागिराच्या घरचा किराणा भरत नाही. तो भरते गिऱ्हाईक.

हे सारे मी त्या दुकानात मनातल्या मनात बोलत होतो असे नाही. तेवढा शहाणा मी नाही. मी फक्त सौ.कडे पाहिले. तिने हातातले चौदा भोवरे खाली ठेवले आणि म्हणाली, "इथलं दाखवा."

दुकानदार आतल्या कपाटाकडे गेले. वर्तमानपत्रात गुंडाळलेली फळे बाहेर आली. पांगाऱ्याचे हलके लाकूड, हाताने घडवलेले. आंब्यावरची लाली कुंचल्याने अशी चढवलेली की एकाची दुसऱ्यासारखी नाही. केळ्यावर तपकिरी ठिपके. "हे आतल्या कपाटात का?" सौ.नी विचारले. "बाहेर ठेवलं की लोक किंमत विचारतात नि खाली ठेवतात. हाताळून रंग जातो," ते म्हणाले. किंमत भोवऱ्याच्या चौपट होती. सौ. घासाघीस करण्यात आमच्या सोसायटीत पहिल्या नंबरच्या. त्यांनी तोंड उघडले, आणि मिटले. पस्तीस-चाळीस वर्षांच्या संसारात हे दृश्य मी प्रथमच पाहत होतो.

तिथून राजवाड्यात गेलो. एक मुलगी खाली मान घालून पत्ता रंगवत होती. चिंचोक्याच्या खळीने थरावर थर चिकटवायचे, खडूचा लेप द्यायचा, घोटायचा, गोल कापायचा, मग रंगवायचा, मग लाख. असा एक पत्ता. दशावतारी गंजिफात दहा रंग, प्रत्येकाचे बारा पत्ते, म्हणजे असे एकशे वीस! नातीने तिच्याकडे अर्धा तास पाहिले. एवढ्या वेळात एका पत्त्यावरचा मासा पुरा झाला नव्हता. संचाची किंमत काही हजारांच्या घरात का, हे कोणी समजावून सांगावे लागले नाही.

आम्ही तो संच घेतला, आणि चौदा नावांची यादी फाडली. हे लिहायला सोपे आहे, करायला नव्हते. गोव्यापर्यंत सौ. हिशेब करत होत्या की भिशीत काय सांगायचे. शेवटी प्रत्येकीला कोकमाचे पाकीट गेले, आणि कोणीही रागावले नाही.

घरी आल्यावर खेळायला बसलो. दिवसा डाव असेल तर उतारी रामाची, रात्री असेल तर कृष्णाची. अर्ध्या रंगांत दश्शी मोठी, अर्ध्यांत एक्का मोठा. तासाभरात आमच्या घरात इतका गोंधळ झाला की कोण जिंकले ते आजवर ठरलेले नाही. पण आता दर रविवारी संध्याकाळी डाव पडतो. हे मुद्दाम सांगतो, कारण कपाटात काचेआड ठेवलेली गंजिफा ही अर्धीच गंजिफा. पत्ते झिजले पाहिजेत, म्हणजे कधीतरी दुसरा संच लागेल.

वाचकहो, या सुट्टीत तुम्हीही कुठे ना कुठे जाल. पैठणला जाल, कोल्हापूरला जाल, हमरस्त्याने चाळीस किलोमीटरच्या वेगाने एखाद्या जुन्या गावातून जाल. तिथे दुकानात शिरताना एवढेच करा. हे कोणी केले, कुठे केले, असे सरळ विचारा; रागाने नको, आंबा विचारता तसे विचारा. जमले तर जिथे बनते ती जागा बघायला मागा. अस्सल माल ठेवणारा दुकानदार या प्रश्नाने दुखावत नाही, उलट कपाट उघडतो. आणि दहा वस्तूंच्या पैशात एकच घ्यायची तयारी ठेवा. कला लोप पावत चालली म्हणून हळहळणारे लेख आपण आवडीने वाचतो. ती लोप पावण्यात आपल्या यादीतल्या चौदा नावांचा वाटा किती, हे मात्र कोणी मोजत नाही.

दुकानातून निघताना मी त्या दुकानदारांना १९८६च्या फळांबद्दल सांगितले. पस्तीसचे पंचवीस केल्याचेही सांगितले. ते हसले. म्हणाले, "मग चाळीस सांगितले असतील, काका. आमचे वडील गिऱ्हाईक बघून पाच वाढवूनच सांगायचे." तेच त्यांचे वडील होते की दुसरे कोणी, ते मी विचारले नाही. मात्र हातातल्या आंब्याचे पैसे त्यांनी जेवढे सांगितले तेवढेच दिले.