रमाबाईंचे भय कसे गेले?

कोथरूडला राहणाऱ्याच्या कानावर कर्वे हे नाव दिवसातून दहा वेळा पडते. रस्ता कर्व्यांचा, पुतळा कर्व्यांचा, पलीकडे हिंगण्याची संस्था कर्व्यांची. परंतु अण्णासाहेबांनी १८९३ साली ज्या विधवा गोदूबाईंशी विवाह केला, त्या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाच्या विद्यार्थिनी होत्या, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? रमाबाईंचा उल्लेख झालाच, तर त्यांच्या ख्रिस्ती श्रद्धेवर आपण हलकेच पांघरूण घालतो. संकटांनी घाबरलेल्या बाईने परक्या धर्माचा आडोसा घेतला, असे एका वाक्यात उरकून टाकणारेही भेटतात. ते वाक्य मला पटत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

संकटे होती, यात वाद नाही. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरणारे विद्वान. बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवण्याचे धाडस करणारे. मद्रासकडील दुष्काळात हाती होते ते दानधर्मात आणि अनुष्ठानांत संपले. मोलमजुरी करायची नाही, भीक मागायची नाही, अशा कुटुंबाने मग झाडपाला खाऊन दिवस काढले. १८७४ च्या सुमारास आधी वडील गेले, मग आई, त्यानंतर थोरली बहीण. राहिलेली दोघे भावंडे अनवाणी, उपाशी देशभर हिंडली. कलकत्त्याच्या पंडितांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले, आणि थोड्याच अवधीत, १८८० साली, भाऊही गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झाले. ते फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने वारले. मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती.

खरी भीती मात्र याही पुढची. १८८३ मध्ये वैद्यक शिकायला रमाबाई इंग्लंडला गेल्या. बरोबर आनंदीबाई भगत नावाची सोबतीण होती. आपल्याला बळेच बाटवतील या धास्तीने तिने तिथे जीव दिला. पुढे ऑक्सफर्डला मॅक्समुल्लर यांच्याकडे रमाबाई राहिल्या, तेव्हा रात्री एकटीने झोपण्याचा त्यांना धीर नव्हता. खोलीत सोबत लागे, असे मॅक्समुल्लर यांनी लिहून ठेवले आहे. भरीस भर म्हणून कानांनी दगा दिला. ऐकू कमी येते म्हणून डॉक्टर होण्याचा मार्गच बंद झाला. याच वर्षी सप्टेंबरमध्ये वाँटेजच्या मठात त्यांचा बाप्तिस्मा झाला.

पाहा, भ्यालेली बाई देवाच्या पायाशी गेली, असे कोणी इथे म्हणेल. पण पुढचे वाचावे. आपल्या साक्षीत रमाबाईंनीच सांगितले आहे की, तेव्हा त्यांना एक चांगला धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. त्याला आणखी आठ वर्षे जावी लागली. म्हणजे बाप्तिस्म्याचे पाणी शिरावर पडले आणि भय पळाले, अशी ही चमत्काराची कथा नाही. भय हळूहळू गेले. देव आपल्या पुण्याच्या हिशेबावर नव्हे तर स्वतःच्या दयेने जवळ घेतो, हे पटत गेले तसतसे गेले. अनुष्ठाने करूनही आईबाप उपाशी मेलेल्या मुलीला या एका विचाराचे केवढे मोल वाटले असेल!

आणि भीतीपोटी धरलेली श्रद्धा माणसाला आज्ञाधारक करते. रमाबाई कधी तशा झाल्या? ज्या मठाने आसरा दिला, त्याच मठातील भगिनींशी त्या पत्रांतून भांडल्या. एका धर्मगुरूंच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटले, आता माझी विवेकबुद्धी दुसऱ्यांच्या स्वाधीन करणार नाही, असा त्यांचा पवित्रा होता. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, हाही त्यांचाच प्रश्न. कोणाच्या आश्रयाला आलेले माणूस असे बोलत नाही.

मुंबईत १८८९ साली निघालेले शारदा सदन पुढच्या वर्षी पुण्याला आले. १८९३ मध्ये मुली प्रार्थनेला बसतात यावरून गहजब झाला. रानडे, भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, ‘केसरी’ने झोड उठवली, पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांचा आक्षेप अगदीच निराधार होता असे मी म्हणणार नाही. सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असा शब्द दिलेला होता. पण मुलींना बोलावणे नाही आणि आपल्या खोलीचे दार लावून घेणेही नाही, ही भूमिका रमाबाईंनी सोडली नाही. ज्या बाईला परदेशात रात्री सोबत लागत होती, ती दहा वर्षांनी साऱ्या पुण्यासमोर एकटी उभी होती. १८९७ च्या प्लेगात तर इस्पितळातील स्त्रियांच्या हालांबद्दल त्यांनी इंग्रज सरकारवरच वर्तमानपत्रातून टीका केली. गोऱ्यांचा धर्म घेतला म्हणून गोऱ्यांपुढे मान लवली, असे घडले नाही. दुष्काळातल्या शेकडो मुलींना घेऊन त्या केडगावला गेल्या, ती हकिगत सर्वश्रुत आहे.

जुलै १९२१ मध्ये मनोरमाही गेली. तिच्यावरच सारे सोपवून जायचे रमाबाईंनी ठरवले होते. तेव्हा हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून त्या करीत असलेले बायबलचे मराठी भाषांतर संपत आले होते. ते काम त्यांनी थांबवले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. पुस्तक १९२४ मध्ये बाहेर पडले; त्याचे खिळे जुळवले होते मुक्ती सदनातील बायकांनी.