व्यासरपाडीचे मैदान

उत्तर चेन्नईतील व्यासरपाडी ह्या कष्टकऱ्यांच्या वस्तीचे नाव ज्या शहरात एकेकाळी गुन्हेगारी आणि दारिद्र्य ह्यांच्याच संदर्भात घेतले जाई, त्याच शहरात आज तिला कौतुकाने ‘छोटे ब्राझील’ म्हणतात, ह्याचे पुष्कळसे श्रेय उमापती आणि तंगराज ह्या स्नेह्यांनी सुमारे पाव शतकापूर्वी वस्तीतील मुलांसाठी उभारलेल्या क्रीडा व शिक्षण संस्थेला द्यावे लागेल. फुटबॉलचा सराव आणि त्याच्या जोडीला सायंकाळचा अभ्यासवर्ग, एवढीच काय ती व्यवस्था. परंतु शाळा सोडून मजुरीकडे वळू पाहणारा मुलगा चेंडूच्या ओढीने मैदानावर येतो आणि मैदानाच्या मिषाने पुस्तकाशी बांधला जातो, ही त्यातील खरी मेख. ह्याच परिसरातला धनपाल गणेश २०१८ साली इंडियन सुपर लीग जिंकणाऱ्या चेन्नईयिन संघात होता. आमच्या लेखी मात्र वर्तमानपत्रांत नाव न येता शिकून नोकरीस लागलेल्या मुलांचे मोल अधिक. पाटाकडील वा खंडोबा तालमीच्या फुटबॉल संघावर जीव टाकणाऱ्या कोल्हापूरकरांना ह्यातील निष्ठा नवी नाही. त्या निष्ठेच्या जोडीला अभ्यासवर्गही हवा, एवढेच (तिथले आमचे पेठकरी मित्र रागावणार नाहीत, ह्या भरवशावर) सुचवतो. तालमींच्या कारभाऱ्यांनी एकवार व्यासरपाडीस जाऊन यावे, ही विनंती.