अंगण वाकडं असू शकतं!

गेम जॅम संपला. ४८ तास धड झोप नाही, धड जेवण नाही. शेवटची पाच मिनिटं उरली असताना तुम्ही गेम अपलोड केला आणि कॉलेजच्या ग्रुपवर लिंक टाकली. ‘आपला पहिला प्लॅटफॉर्मर! खेळा आणि सांगा.’

उत्तरं यायला लागतात. ‘लय भारी!’ ‘एक नंबर भावा!’ सात-आठ अंगठे. आणि मग एक जण लिहितो, ‘जंपच लागत नाहीये राव. तिसऱ्या लेव्हलला सोडून दिला.’

खरं सांगा, तुमच्या मनात पहिलं काय येतं? ‘याला खेळताच येत नाही!’ बरोबर ना? नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

पण दोस्तांनो, गेमच्या बाबतीत ही म्हण पुष्कळदा दगा देते. नाचणाऱ्याला बऱ्यापैकी नाचता येत असतं आणि अंगणच वाकडं असतं. आणि ते अंगण सारवणारे आपणच असल्यामुळे आपल्याला ते दिसत नाही.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. ठरलेल्या वेळात, दिलेल्या विषयावर, शून्यापासून गेम बनवायचा, हा झाला गेम जॅम. ‘लुडम डेअर’ हा जॅम २००२ पासून चालू आहे. ‘ग्लोबल गेम जॅम’ २००९ पासून दरवर्षी जानेवारीच्या सुमारास जगभर होतो, आपल्याकडच्या शहरांतही होतो. आणि प्लॅटफॉर्मर म्हणजे मारिओची जातकुळी. पळा, उड्या मारा, खड्डे चुकवा, पुढच्या फळीवर पोहोचा. जॅममध्ये नवखी पोरं हमखास हाच प्रकार निवडतात, कारण वरवर तो सोपा दिसतो. एक पात्र, चार फळ्या, एक उडी. झाला गेम!

गंमत अशी की त्या एका उडीतच सगळं अडतं.

विचार करा, दोन दिवसांत तुम्ही स्वतःची तिसरी लेव्हल किती वेळा खेळलात? शंभर? दोनशे? तुमच्या बोटांना ती पाठ झालेली असते. काटे कुठे आहेत, फळी कधी सरकते, उडी नेमकी कुठून मारायची, सगळं डोळे मिटून येतं. त्यामुळे ‘लेव्हल सोपी वाटतेय, अजून थोडी अवघड करूया’ असं तुम्हीच ठरवता. समोरचा मात्र ती आयुष्यात पहिल्यांदा बघत असतो. आपल्या गेमचा अंदाज घ्यायला सगळ्यात नालायक माणूस कोण असेल, तर तो बनवणारा.

म्हणून ‘जंप लागत नाही’ हे वाक्य नीट ऐका. तुम्ही कोड तपासता. बटण दाबलं की उडी लागतेय. मग तो खोटं बोलतोय का? नाही. तो कडेपर्यंत पळत आला, त्याला वाटलं आपण अजून फळीवरच आहोत, आणि त्याने बटण दाबलं. तोवर पात्राचा पाय फळीवरून सुटला होता. कॉम्प्युटरच्या हिशेबाने ते हवेत होतं आणि हवेत उडी मारता येत नाही. कॉम्प्युटर बरोबर, खेळाडूही बरोबर. मधल्या मध्ये गेम बदनाम!

यावर जुनाच, नामी उपाय आहे. पात्र फळीवरून सुटल्यावरही अगदी क्षणभर उडी मारायची मुभा द्यायची. याला ‘कायोटी टाइम’ म्हणतात. रोडरनरच्या कार्टूनमधला तो कायोटी कड्यावरून पुढे पळत जातो आणि खाली बघेपर्यंत हवेत टिकून राहतो, त्याच्यावरून हे नाव पडलं. तसंच जमिनीला पाय लागायच्या किंचित आधी बटण दाबलं गेलं, तर ते लक्षात ठेवायचं आणि पाय टेकताच उडी द्यायची. खेळणाऱ्याला यातलं काही कळत नाही. त्याला फक्त वाटतं, ‘आता कसं मस्त लागतंय!’

‘सेलेस्ट’ हा गेम तुमच्यापैकी अनेकांनी खेळला असेल. मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी या दोघांनी २०१५ मध्ये एका जॅममध्ये, चार दिवसांत त्याचं पहिलं, छोटंसं रूप बनवलं. पूर्ण गेम २०१८ मध्ये आला आणि त्याच वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये सर्वोत्कृष्ट इंडी गेम ठरला. गेम महाकठीण. माणूस शेकड्याने मरतो. तरी चिडून फेकून द्यावासा वाटत नाही. का? कारण त्यात कायोटी टाइम आहे सेकंदाचा दहावा भाग. एवढ्याशा फटीत ‘गेमने मला मारलं’ आणि ‘मी चुकलो’ यातला फरक राहतो.

आता दुसरी बाजू. खेळाडूची तक्रार खरी असते, पण त्याने सुचवलेला इलाज खरा असेलच असं नाही. ‘जंप लागत नाही, उडी उंच कर’ असं तो म्हणेल. उडी उंच केलीत, तर सगळ्या लेव्हल मोडतील आणि मूळ दुखणं तसंच राहील. पेशंट डॉक्टरला कुठे दुखतं ते सांगतो, गोळी डॉक्टर ठरवतो. तुमचंही तसंच. दुखणं त्याचं ऐका, औषध तुम्ही शोधा.

ऐकायचं कसं? सगळ्यात आधी तोंडाला कुलूप लावा. मित्र तुमच्यासमोर खेळत असताना ‘अरे, तिथून नाही, डावीकडून जा’ हे वाक्य गिळा. गेम लोकांच्या घरी पोहोचेल तेव्हा तुम्ही सांगायला नसणार. त्याच्या बोलण्यापेक्षा हातांकडे बघा. तो कुठे थबकतो, कुठे तीनदा मरतो, कुठे मोबाइल हातात घेतो, ते वहीत लिहा. एक जण पडला तर योगायोग असेल. तीन जण एकाच खड्ड्यात पडले, तर तो खड्डा तुमचा आहे. आणि ‘कसा वाटला?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर ‘भारी’ हेच येतं. ‘कुठे सोडून द्यावंसं वाटलं?’, ‘ते लाल दिसतंय ते तुला काय वाटलं?’ असं विचारा. मग बघा, काय काय कळतं!

सगळं ऐकून सगळं बदलायचं का? तसंही नाही. ‘सेलेस्ट’च्या मंडळींनी गेम अवघडच ठेवला. पण ज्यांना तो झेपत नाही त्यांच्यासाठी ‘असिस्ट मोड’ दिला. त्यात गेमचा वेग कमी करता येतो, पात्राला न मरण्याची सोयही करता येते. हा मोड सुरू करताना दिसणारा मजकूर मात्र काहींना खटकला. तुम्ही खरा गेम खेळत नाही, असा त्याचा सूर लागत होता. २०१९ मध्ये त्यांनी तो मजकूर बदलला. गेमचा स्वभाव तोच राहिला, चार वाक्यं बदलली. काय सोडायचं आणि काय धरून ठेवायचं, हे असं ठरतं.

आता प्रतिक्रिया देणाऱ्यांशी, म्हणजे आपल्या सगळ्यांशीच, दोन शब्द. आपल्याकडे दोनच शिक्के आहेत, ‘भारी’ आणि ‘बकवास’. दोन्ही सारखेच निरुपयोगी. पहिल्याने मित्र खूश होतो पण शिकत काही नाही, दुसऱ्याने तो गप्प होतो आणि कदाचित पुढचा गेम बनवतच नाही. त्याऐवजी असं लिहून बघा, ‘तिसऱ्या लेव्हलला काट्यांच्या आधीच्या फळीवरून सहा वेळा पडलो. कडेला बटण दाबलं तरी उडी लागली नाही. कीबोर्डवर खेळलो. दुसऱ्या लेव्हलचं सरकतं झाड मात्र आवडलं, तिथे पुन्हा एकदा गेलो.’ चार ओळी, दोन मिनिटं. पण यातून त्याला उद्या सकाळी काय दुरुस्त करायचं ते कळतं आणि काय हात न लावता ठेवायचं, तेही.

लुडम डेअरमध्ये गेम बनवून झाल्यावर स्पर्धकच एकमेकांचे गेम खेळतात, गुण देतात, लिहितात. तुम्ही दुसऱ्यांचे गेम खेळलात, तर तुमचा गेम लोकांसमोर येतो. बनवायला दोन-तीन दिवस आणि खेळून सांगायला त्याहून कितीतरी जास्त, काही आठवडे! हा हिशेब लक्षात घ्या. शिकायचा मोठा भाग जॅम संपल्यावर सुरू होतो, आणि आपण नेमके तिथेच अंगठा दाखवून मोकळे होतो.

तेव्हा पुढच्या वेळी ग्रुपवर कुणी गेमची लिंक टाकली, तर अंगठा नंतर दाबा. आधी दहा मिनिटं खेळा आणि कुठे पडलात ते लिहा. आणि लिंक तुमची असेल, तर ‘जंप लागत नाही’ म्हणणाऱ्याला सगळ्यात आधी एवढंच विचारा, ‘नेमकं कुठे रे?’