आधी अर्थिंग, मग टीव्ही

ठाणे जिल्ह्याच्या टोकावडे पट्ट्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेला यंदा कुणी टीव्ही भेट देणार असेल, तर त्याला माझं स्पष्ट सांगणं आहे: तो टीव्ही दुकानातच राहू द्या. तेवढ्या पैशात शाळेचं अर्थिंग करून द्या. अर्थिंग जमिनीत गाडलेलं असतं, त्याचं उद्घाटन होत नाही, फीत कापता येत नाही. म्हणूनच ते कुणी करत नाही, आणि याचाच मला संताप आहे.

मी वायरिंगची कामं करतो, त्यामुळे हे ऐकीव बोलत नाही. तालुक्यातल्या एका शाळेचा बोर्ड उघडला. समोरून थ्री-पिन सॉकेट, वरचं मोठं भोकही जागेवर. मागे हिरव्या वायरीचा पत्ता नाही. टीव्हीचा प्लग तुटलेला, म्हणून वायरीची दोन टोकं सोलून भोकांत खुपसलेली आणि काड्यापेटीच्या काड्यांनी घट्ट केलेली. बोर्ड बसवला तो नेमका पश्चिमेच्या भिंतीवर, जिथे जूनपासून ओल फुटते. शेजारी लोखंडी कपाट. त्याला हात लावला की मुंग्या येतात, असं पोरांनीच मला सांगितलं. बाईंनी कपाटापुढे प्लास्टिकची खुर्ची आडवी लावली होती, पोरं जवळ जाऊ नयेत म्हणून. वर कितीदा कळवलं म्हणाल, तर पत्रांची फाईल भरली होती.

ही चूक त्या बाईंची नाही. घोडं पेंड खातं ते अंदाजपत्रकात. शाळेच्या वीजकामाचं अंदाजपत्रक पॉइंटवर बनतं: इतके लाईट पॉइंट, इतके फॅन पॉइंट, गुणिले दर. मोजमाप पुस्तिकेत पॉइंट मोजले जातात आणि बिल निघतं. पोराच्या वहीवर उजेड किती पडतो, हे मोजायला त्या पुस्तिकेत जागा नाही. अर्थ टेस्टर लावून रीडिंग घेतलं का, हे विचारणारा साइटवर नाही. टेस्ट रिपोर्टवर आकडे मात्र असतात, आणि ते कुठे बसून भरले जातात हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. खरं अर्थिंग म्हणजे खड्डा, पाइप किंवा प्लेट, कोळसा, मीठ, आणि वर उन्हाळ्यात पाणी ओतायची सोय. आमच्याकडे वीतभर मुरमाखाली काळा कातळ. एप्रिलमध्ये जमीन सुकली की पावसाळ्यात बरं आलेलं रीडिंग बिघडतं. म्हणून मोजायचं ते मे महिन्यात. मोजतं कोण?

आता उजेडाचं बघा. शाळा दिवसा भरते, दिवे कशाला, असं म्हणणाऱ्याने जुलैत माळशेजच्या पायथ्याशी येऊन बसावं. सकाळी अकराला संध्याकाळ झाल्यासारखं आभाळ उतरतं, पाऊस आडवा मारतो, खिडक्या लावून घ्याव्या लागतात. वीस बाय वीस फुटांची खोली, म्हणजे साधारण 37 चौरस मीटर. त्यात 20 वॅटच्या दोन एलईडी ट्यूब. दोन्ही मिळून सुमारे 4,000 ल्युमेन. त्यातला निम्मा उजेड कळकट भिंती आणि छत खातात. उरलेल्याला 37 ने भागा, 54 लक्स येतात. वर्गखोलीत 300 लक्सच्या आसपास उजेड हवा, असं भारतीय मानक सांगतं. मागच्या बाकावरचं पोर फळ्याकडे डोळे बारीक करून बघतं आणि आपण त्याला 'अभ्यासात कच्चं' म्हणून मोकळे होतो. आठ ट्यूब लावल्या तरी 160 वॅट होतात, जुन्या दोन पंख्यांइतके. पावसाळी दिवसाच्या जेमतेम उजेडात तेवढी भर पडली तर वही दिसते. एवढंही आपल्याच्याने होत नाही?

आणि विजेची टंचाई आहे म्हणावं, तर ठाणे जिल्ह्यात ते कुणी बोलू नये. कसारा घाटात 1930 साली विजेवर गाड्या चढू लागल्या. चंद्रपूरची वीज 752 किलोमीटर तारांवरून येऊन शेजारच्या पडघ्याला उतरते, ती लाईन 1,500 मेगावॅटची आहे. शहापूरच्या भातसा धरणातून पाणी मुंबईला जातं आणि पायथ्याशी वीजही तयार होते. जमिनी इथल्या गेल्या, धरणं इथे झाली. इथल्याच पोरानं अंधारात 'ग' गिरवायचा, हे मला मान्य नाही.

कायद्यानेही हात आखडता घेतलाय. शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्याच्या परिशिष्टात वर्गखोल्या आहेत, स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, मैदान, कुंपण आहे. वीज नाही. नियमात नाही म्हणून हक्क नाही, हक्क नाही म्हणून निधी मागायला तोंड नाही. तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षातून वर्षाला 10,000 रुपये मिळतात. त्यात खडू, रजिस्टर, स्वच्छता, किरकोळ दुरुस्ती आणि विजेचं बिल. बिल थकलं की कनेक्शन तुटतं, आणि मग मास्तर खिशातून भरतात. सरकारी शाळेची वीज मास्तरांच्या पगारावर चालावी, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याच्या शाळेत संदीप गुंड सरांनी डिजिटल शिक्षण करून दाखवलं. त्या कामाचा मला अभिमान आहे. पण त्यानंतर 'डिजिटल शाळा' म्हणून वाटल्या गेल्या त्या वस्तू. जुन्या, एका फ्यूजवर चालणाऱ्या वायरिंगला प्रोजेक्टर, मोटर, कॉम्प्युटर लटकवले. डीपीवरची न्यूट्रल सुटली की 230 च्या जागी साडेतीनशे-चारशे व्होल्ट येतात आणि लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही एका क्षणात जळतो.

वायरिंग नव्याने आखा. लाईट, सॉकेट आणि मोटर यांचे सर्किट वेगळे करा, प्रत्येकाला एमसीबी. मेनवर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा. गळती झाली की क्षणात पुरवठा तोडणारी ही डबी दोन-अडीच हजारांत येते, पोराचा जीव त्याहून महाग आहे. व्होल्टेज वाढलं की तोडणारं उपकरण जोडा. बोर्ड ओल्या भिंतीवरून हलवा. ट्यूबच्या रांगा खिडकीला समांतर लावा आणि प्रत्येक रांगेला वेगळं बटण द्या, म्हणजे आभाळ भरलं तर आतली रांग लागेल, खिडकीकडची बंद राहील. फळ्यावर स्वतंत्र ट्यूब द्या, चकाकी येणार नाही अशा कोनात.

सोलर हवंच. पण नुसती ऑन-ग्रिड पॅनल बसवून जाणाऱ्यांना दारातच अडवा. लाईट गेली की तो इन्व्हर्टरही बंद पडतो, नियमच तसा आहे, नाहीतर तारेवर काम करणारा वायरमन मरेल. आमच्याकडे पावसात झाड पडलं की लाईट जाते, आणि दिवे नेमके तेव्हाच हवे असतात. बॅटरीवाला हायब्रिड संच द्या, निदान दिव्यांपुरता. नेट मीटरिंगचा हिशेब एप्रिल ते मार्च चालतो. मे महिन्यात शाळा बंद आणि ऊन भरपूर. तेव्हा ग्रिडला गेलेले युनिट जुलै-ऑगस्टच्या बिलात वळते होतात. थकबाकीचा निम्मा प्रश्न तिथेच सुटेल.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेत मी हा विषय लेखी देणार आहे. शाळेच्या कुठल्याही वीजकामाचं बिल पास होण्याआधी शाळा व्यवस्थापन समितीसमोर अर्थ टेस्टर आणि वायरीचं इन्सुलेशन तपासणारा मेगर लावायचा, आरसीसीबीचं टेस्ट बटण पालकाच्या हाताने दाबून बघायचं, रीडिंग शाळेच्या फलकावर तारखेसह लिहायचं. ज्या ठेकेदाराला हे जमणार नाही, त्याला शाळेच्या फाटकातून आत घ्यायचं नाही.