गुलाब राहू द्या, रात्रपाळीला दुसरी सिस्टर द्या

दरवर्षी १२ मे उजाडला की रुग्णालयांत फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या तसबिरीला हार पडतो, मेणबत्त्या पेटतात, मोठे साहेब चार शब्द बोलतात आणि एकेका सिस्टरच्या हातात एकेक गुलाब येतो. भाषणात त्याग, ममता आणि सेवाव्रत असतंच. याच सिस्टरांनी महिन्याभराने रिक्त पदं भरा म्हणून काळ्या फिती लावल्या की त्याच तोंडून ऐकू येतं, ‘रुग्णांना वेठीला धरू नका, तुमचा पेशा सेवेचा आहे.’

सेवा करणाऱ्याने हिशेब मागायचा नसतो, हा असं बोलणाऱ्यांचा पहिला आणि सर्वांत लाडका मुद्दा. त्याला उत्तर मुंबईच्या केईएम रुग्णालयात मिळतं. नोव्हेंबर १९७३ मध्ये तिथली तरुण परिचारिका अरुणा शानभाग कपडे बदलायला तळघरात गेली आणि तिथल्याच एका सफाई कामगाराने तिच्यावर हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळल्यामुळे मेंदूला प्राणवायू मिळाला नाही. १८ मे २०१५ रोजी ती गेली. मधली जवळजवळ ४२ वर्षं केईएमच्या परिचारिकांच्या पिढ्यांमागून पिढ्यांनी तिला सांभाळलं आणि अंगाला बेडसोअर होऊ दिला नाही. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस ज्यांनी काढलं आहे त्यांना याचा अर्थ सांगावा लागत नाही. रात्री-अपरात्री कूस बदलायची, माकडहाड आणि टाचा तपासायच्या, चादरीची सुरकुतीसुद्धा राहू द्यायची नाही, ओलं झालं की लगेच कोरडं करायचं. आणि हे सगळं वॉर्डाची ड्युटी सांभाळून.

सेवेचा दाखला म्हणून सगळे ही गोष्ट सांगतात, पण अर्धीच. त्या हल्ल्यानंतर मुंबईतल्या परिचारिका संपावर गेल्या होत्या. अरुणाची नीट काळजी घ्या आणि आमच्या कामाची परिस्थिती सुधारा, अशी मागणी होती. पुढे ऐंशीच्या दशकात तिची खाट मोकळी करून तिला दुसरीकडे हलवायचा महापालिकेचा प्रयत्न याच परिचारिकांनी विरोध करून हाणून पाडला. म्हणजे संप करणारे आणि कूस बदलणारे हात एकच होते. भांडल्या नसत्या तर ज्या सेवेचं आपण कौतुक करतो ती करायला अरुणा त्यांच्या वॉर्डात राहिलीच नसती. मे २०२२ मध्ये राज्यातल्या सरकारी परिचारिकांनी काम बंद केलं ते कंत्राटी भरतीच्या विरोधात. अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर आलेली मुलगी वॉर्डातल्या चुकीवर बोट ठेवील, की पुढची ऑर्डर मिळावी म्हणून गप्प बसेल?

दुसरा आक्षेप नातेवाइकांचा: सिस्टर खेकसतात. खेकसतात, हे खरं आहे. पण मेडिसिनच्या वॉर्डात एकदा रात्र काढून पाहावी. चाळीस रुग्ण, काही खाटांवर, काही खाली गादीवर. रात्री आठ ते सकाळी आठ एक सिस्टर, एक मावशी. बारा तासांची ७२० मिनिटं चाळीस जणांत वाटली तर एकेकाच्या वाट्याला अठरा मिनिटं येतात, तीही सिस्टर जेवली नाही आणि बाथरूमला गेली नाही असं धरून. अँटिबायोटिकचं एक इंजेक्शन घ्या. बाटली फोडून डिस्टिल्ड वॉटर घालायचं, पावडर विरघळवायची, केसपेपरवर नाव आणि डोस ताडून पाहायचा, सुई शिरेतच आहे का बघायचं, दोन-चार मिनिटं घेत औषध हळूहळू सोडायचं, मग सही. सात-आठ मिनिटं गेली. अशी वीस इंजेक्शनं म्हणजे अडीच तास. तेवढ्यात खालून नवीन ॲडमिशन येतं, एका आजोबांची धाप वाढते, आणि सतरा नंबरचा मुलगा तिसऱ्यांदा येऊन सांगतो, ‘सिस्टर, सलाईन संपलंय.’ पहिल्या दोन वेळा ती नीट बोलली होती. लक्षात राहतं ते तिसरं.

भारतीय नर्सिंग परिषदेचा निकष अध्यापन रुग्णालयात तीन खाटांमागे आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाच खाटांमागे एक परिचारिका, शिवाय रजांसाठी तीस टक्के जादा, असा आहे. तिन्ही पाळ्यांत वाटलं तरी एका पाळीला नऊ किंवा फार तर पंधरा रुग्णांमागे एक यायला हवी. हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास सांगतो की परिचारिकेकडचा एकेक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेला रुग्ण तीस दिवसांत दगावण्याची शक्यता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला आणि २००४ पासून पाळीचं प्रमाण बांधून दिलं. आपल्याकडे सुचतं ते ‘मृदू संभाषण’ या विषयावरचं प्रशिक्षण शिबिर, आणि त्यासाठीही वॉर्डातूनच दोन सिस्टर काढून पाठवतात!

एक गोष्ट मात्र इथेच मान्य केली पाहिजे. कळा सोसणाऱ्या बाईच्या मांडीवर चापट मारून ‘तेव्हा कळलं नाही का?’ असं विचारणारी सिस्टर पुष्कळ बायकांनी अनुभवली आहे. त्याला अपुऱ्या पदांची सबब चालणार नाही. ती चापट सहसा गरीब बाईलाच बसते, आमदारांच्या सुनेला बसत नाही. ज्या संघटना परिचारिकांच्या मानासाठी उभ्या राहतात त्यांनी हा विषय स्वतःहून हातात घेतला, तर त्यांच्या बाकीच्या मागण्यांचं वजन वाढेलच.

तिसरा आक्षेप उघड कोणी बोलत नाही, वागण्यातून दिसतो: डॉक्टरने लिहायचं आणि सिस्टरने द्यायचं, त्यात डोकं कुठे लागतं? डॉक्टरांचा राऊंड सकाळी येतो आणि जातो. बाळंतिणीच्या पॅडवर रक्त जरा जास्तच आहे, लघवीच्या पिशवीत चार तासांत भर पडलेली नाही, कालपर्यंत कटकट करणारे काका आज गप्प आहेत, हे टिपते ती खाटेपाशी असलेली बाई. रक्त चढवायला लागलं की पहिली पंधरा मिनिटं तिने रुग्णाजवळ थांबायचं असतं, कारण उलटी प्रतिक्रिया आली तर बहुधा तेव्हाच येते. नवीन रेसिडेंटच्या हातून शीर सापडत नाही तेव्हा कोणाला हाक जाते? पण त्याच सिस्टरने ‘सर, हा डोस जास्त वाटतोय’ म्हटलं की रुग्णांदेखत उत्तर मिळतं, ‘तू डॉक्टर आहेस का?’ हा अपमान तिच्यापुरता राहत नाही. पुढच्या वेळी शंका आली तरी ती विचारायची नाही.

डोकं नसलेल्या या बाईकडे दोष द्यायची वेळ आली की मात्र सगळी जबाबदारी असते. नोव्हेंबर २०२१ मध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून किमान अकरा रुग्ण दगावले. जिल्हा शल्यचिकित्सकांचं निलंबन झालं. पोलिसांनी अटक केली ती एका वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तीन परिचारिकांना. वायरिंगची तपासणी आणि अग्निशमनाची यंत्रणा कोणत्या परिचारिकेच्या सहीने होते?

खासगी रुग्णालयांतल्या पगाराचं तर बोलायलाच नको. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितल्यावरून नेमलेल्या समितीने दोनशेपेक्षा जास्त खाटांच्या रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतका पगार आणि पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही किमान वीस हजार सुचवले. गावोगावच्या नर्सिंग होममध्ये आज किती मिळतात, हे ज्याचं त्याने विचारून घ्यावं.

मान म्हणजे नेमकं काय द्यायचं, हे अरुणाच्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकदा दाखवलं होतं. मार्च २०११ मध्ये दयामरणाची याचिका फेटाळताना तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न आला. न्यायालयाने तो याचिकाकर्त्या लेखिकेला दिला नाही, केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला. खाटेपाशी उभं राहणाऱ्याला निर्णयात जागा मिळाली. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टर तरुणीच्या खुनानंतर त्याच न्यायालयाने सुरक्षेसाठी राष्ट्रीय कृती दल नेमलं, त्यातले तज्ज्ञ सदस्य सगळे डॉक्टर होते. रात्रपाळीच्या सुरक्षेचा विचार होणार, आणि त्यात परिचारिका एकही नाही. शेवटी तळघरात कपडे बदलायला गेली होती ती परिचारिकाच.

वैद्यकीय कर्मचाऱ्यांवर हल्ला केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड, असा महाराष्ट्राचा २०१० चा कायदा आहे, आणि त्याची पाटी रुग्णालयांच्या भिंतींवर दिसते. त्या पाटीशेजारी वॉर्डाच्या दारावर आणखी एक फळा टांगावा. आज या वॉर्डात रुग्ण किती, नियमाप्रमाणे परिचारिका किती हव्यात, या पाळीला हजर किती, मंजूर पदांतली रिकामी किती. खाली अधिष्ठात्यांचं कार्यालय आणि संचालनालयाचा फोन नंबर. सतरा नंबरचा मुलगा तिसऱ्यांदा सलाईनचं सांगायला उठेल तेव्हा कुठे फोन लावायचा ते त्याला समजेल.