मीटर कुणाच्या नावावर?

महागाईची चर्चा निघाली की आपण तेल, डाळ, साखर आणि गॅसबद्दल बोलतो. लाईटबिलाबद्दल क्वचितच बोलतो. बोललो तरी घरातल्या पुरुषाला एवढंच सांगतो, की या महिन्यात जास्त आलंय, जरा बघा. वीज म्हणजे खांब, तारा, इंजिनियर आणि मंत्रालय. बाईचा तिच्याशी संबंध बटण दाबण्यापुरता, असं आपणही धरून चालतो. माझं म्हणणं असं, की विजेचा दर हा पाण्याइतकाच आणि रेशनइतकाच बायकांचा प्रश्न आहे. तो आपण आपल्या नावानं मांडला नाही, तर दुसरं कुणी मांडणार नाही.

मी काही वर्षं कळवण तालुक्यात बचत गटांबरोबर काम करते. अभोणा, कनाशी, दळवट या बाजूच्या पाड्यांवरच्या या बायका, बहुतेक कोकणा आणि भिल्ल. उन्हाळ कांद्याची लागवड आणि काढणी उक्त्यावर करायची, द्राक्षांच्या दिवसांत दिंडोरी-निफाडकडे जायचं, असं त्यांचं वर्ष असतं. गटातून कर्ज घेताना कारण नोंदवहीत लिहावं लागतं. दवाखाना, बियाणं, पोरांची फी, लग्न ही कारणं जुनी. आता त्यांत 'लाईटबिल' हा शब्द येऊ लागला आहे. कारण थकबाकीसाठी वायर तोडायला माणूस येतो तेव्हा दारात बाई उभी असते. नवरा कामावर असतो, किंवा नेमका त्याच वेळी बाहेर पडलेला असतो.

'लाडकी बहीण' योजनेचे १५०० रुपये २०२४ च्या जुलैपासून लागू झाले. ते कशाला खर्च होतात, असं मी एका बैठकीत विचारलं. पहिलं उत्तर आलं, "किराणा." दुसरं आलं, "लाईट." सरकारच्या एका खिडकीतून बाईला मिळालेला पैसा दुसऱ्या खिडकीत जमा होतो. मधल्या मध्ये ती लाभार्थी म्हणून मोजली जाते, ग्राहक म्हणून मात्र कुठेच मोजली जात नाही.

बिल वाचायला शिकू या

बिलाच्या कागदावरचे रकाने आपण वाचत नाही, कारण ते आपल्यासाठी लिहिलेलेच वाटत नाहीत. पण त्यातच सगळं राजकारण आहे. २०२४-२५ सालचे महावितरणचे घरगुती दर घेऊ. पहिल्या १०० युनिटांना युनिटामागे ४ रुपये ७१ पैसे, त्यावर वहन आकार १ रुपया १७ पैसे. म्हणजे ५ रुपये ८८ पैसे. १०१ ते ३०० युनिटांचा दर १० रुपये २९ पैसे, अधिक तोच वहन आकार. म्हणजे ११ रुपये ४६ पैसे. शंभराचा उंबरठा ओलांडला की पुढचं प्रत्येक युनिट जवळपास दुप्पट महाग. शिवाय वीज वापरा न वापरा, सव्वाशेच्या आसपास स्थिर आकार. आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क.

गरिबांसाठी वेगळा, कमी दराचा वर्ग आहे, हे खरं. पण त्यासाठी वर्षाचा वापर ३६० युनिटांच्या आत हवा, म्हणजे महिन्याला ३०. आता हिशेब करा. साधा ७५ वॅटचा एक पंखा रात्री आठ तास चालवला तर महिन्याला १८ युनिटं. तीन एलईडी बल्ब संध्याकाळपासून झोपेपर्यंत जाळले तर चार-पाच. एक छोटा टीव्ही चार तास पाहिला तर सात. झाली ३० युनिटं. मिक्सर कुठे बसवायचा? दोन हंडे पाणी वर चढवणारी अर्ध्या एचपीची मोटर कुठे? गरिबीच्या या व्याख्येत पंखा बसतो, टीव्ही बसतो. बाईचे कष्ट कमी करणारं एकही यंत्र बसत नाही. ज्यांनी हा आकडा ठरवला त्यांनी पाटा-वरवंटा आणि पाणी भरणं हे काम म्हणून मोजलेलं नाही.

एका मीटरवर दोन चुली

आमच्या गटातली एक बाई नवऱ्यानं टाकल्यावर मुलीला घेऊन माहेरी परतली. भावानं घरामागची पडवी दिली आणि घरातूनच एक वायर ओढून दिली. सुरुवातीचे महिने बरे गेले. मग बिल वाढलं आणि वाढलेल्या प्रत्येक रुपयाचं कारण पडवी ठरली. मुलगी दहावीला, आणि रात्री नऊनंतर पडवीची वायर काढून ठेवलेली. ती मला म्हणाली, "ताई, नवऱ्यानं घरातून काढलं, आता भाऊ उजेडातून काढतोय."

भावाला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. पण दराचा तक्ता पाहा. भावाच्या घराचा वापर शंभर युनिटांवर पोचलेला. हिची ४० युनिटं त्याच्या डोक्यावर बसतात आणि ती सगळी ११ रुपये ४६ पैशांनी लागतात, म्हणजे साडेचारशेच्या वर. हिचं स्वतंत्र मीटर असतं तर स्थिर आकार धरूनही तीच वीज ३६० रुपयांच्या आसपास पडली असती. शुल्क वेगळं. म्हणजे जिला सर्वात कमी परवडतं, तिच्या पदरात सर्वात महाग युनिटं पडतात, आणि वर उपकाराची भाषा ऐकावी लागते. विधवा, परित्यक्ता, वेगळी चूल मांडलेली म्हातारी सासू, भाड्याच्या खोलीत राहणारी आणि मालकाच्या सबमीटरवर बिल भरणारी कामगार बाई, या साऱ्याजणी याच गणितात सापडलेल्या आहेत.

हिनं स्वतःच्या मीटरसाठी अर्जच केला नव्हता. "घर माझ्या नावावर नाही, कागद कुठला लावू?" परित्यक्तांचा प्रश्न १९८८ मध्ये संगमनेरच्या परिषदेत मांडला गेला, तेव्हा पोटगी आणि निवारा या मागण्या पुढे होत्या. निवाऱ्यात उजेडही येतो, हे आता म्हणायची वेळ आली आहे. आणि इथे कायदा आपल्या बाजूचा आहे. २००३ च्या वीज कायद्याचं कलम ४३ सांगतं, की जागेच्या 'मालकानं किंवा भोगवटादारानं' अर्ज केला तर वीजपुरवठा करणं हे वितरण कंपनीचं कर्तव्य आहे. भोगवटादार म्हणजे जी तिथे राहते ती. हा एक शब्द गावोगावच्या बायकांपर्यंत पोचवला तरी पुष्कळ काम होईल.

पंप माफ, पोळपाट नाही

राज्य सरकारनं २०२४ मध्ये साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना पाच वर्षं मोफत वीज जाहीर केली. सुमारे ४४ लाख शेतकरी त्यात येतात. मी शेतकऱ्याच्या सवलतीविरुद्ध नाही. कांद्याचा भाव पडला की आमच्या भागात काय होतं ते मी पाहते, आणि रात्रीच्या पाळीला लाईट आली की बॅटरी घेऊन पाणी भरायला बाईही जाते, बिबट्याची भीती असली तरी. पण पंपाची जोडणी सातबाऱ्यावरच्या नावानं मिळते, आणि सातबाऱ्यावर बाईचं नाव अजून विरळा. जिच्याकडे जमीनच नाही, त्या मजूर बाईला या माफीतलं एक युनिटही मिळत नाही. ती घरच्या बल्बचं पूर्ण बिल भरते.

शिवाय अशी माफी टिकतेच असंही नाही. २००४ च्या निवडणुकीआधी शेतीची वीज मोफत झाली होती; निवडणूक झाल्यावर २००५ मध्ये ती मागे घेतली गेली. मेहेरबानी आणि हक्क यांत हा फरक असतो.

नव्या सवलतींचंही तसंच. २०२५ च्या जुलैपासून नवं स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटामागे ८० पैसे सवलत जाहीर झाली. दिवसा सौर वीज भरपूर असते, म्हणून वापर तिकडे वळवावा, हा विचार तांत्रिकदृष्ट्या चुकीचा नाही. पण सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत आमच्या बायका कांद्याच्या रानात वाकलेल्या असतात. त्यांच्या घरची वीज लागते ती पहाटे आणि दिवेलागणीनंतर. वॉशिंग मशीन दुपारी लावू शकणाऱ्या घराला सूट, मजुरीला गेलेल्या बाईला पूर्ण दर. छतावरच्या सौर पॅनेलसाठी केंद्राचं अनुदान ३० हजारांपासून ७८ हजारांपर्यंत आहे, पण त्याला स्वतःचं भक्कम छत, स्वतःच्या नावावरची जोडणी आणि आधी घालायला पैसा लागतो. पडवीवर पॅनेल बसत नाही.

दर ठरतो कुठे?

कुणी म्हणेल, मग काय सगळंच फुकट हवं? नाही. आम्हाला हिशेब हवा. महाराष्ट्रानं हिशेब न मागण्याची किंमत एकदा मोजली आहे. एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाचा सामंजस्य करार १९९२ मध्ये झाला, वीज खरेदी करार १९९३ मध्ये. १९९५ मध्ये तो रद्द झाला आणि १९९६ मध्ये पुन्हा केला गेला. १९९९ मध्ये वीज आली ती इतकी महाग, की २००१ मध्ये वीज मंडळानं ती घेणं थांबवलं. त्या लढ्यात पुण्याच्या 'प्रयास'नं कराराचे आकडे तपासले, आणि गुहागरजवळच्या वेलदूरच्या कोळी बायकांनी अंगावर मार झेलला. १९९७ च्या जूनमध्ये पोलीस त्यांच्या घरांत शिरले. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलनं त्याची नोंद घेतली. विजेचा प्रश्न बायकांना कळत नाही, असं म्हणणाऱ्यांनी वेलदूर आठवावं.

त्यानंतर दर ठरवण्यासाठी १९९९ मध्ये राज्य वीज नियामक आयोग आला, आणि २००५ मध्ये मंडळाच्या चार कंपन्या झाल्या. आता दरवाढीचा प्रस्ताव आयोगापुढे जातो, आणि कलम ६४ प्रमाणे लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊनच आयोगाला निर्णय द्यावा लागतो. हा फार मोठा दरवाजा आहे. पण त्यातून आत जातात ते उद्योगांच्या संघटना, यंत्रमागधारक, ग्राहक संघटनांचे जाणकार आणि पक्षांचे पुढारी. महावितरणची सुनावणी नाशिकलाही होते. कळवणहून नाशिकला जायचं तर बाईचा दिवसाचा रोज बुडतो, भाडं वेगळं. जाहिरात येते वर्तमानपत्रात, प्रस्ताव असतो शेकडो पानांचा. २०२५ मध्ये तर मार्चअखेर एक आदेश निघाला, लगेच थांबवला गेला, आणि जूनअखेर दुसरा आला. एवढ्या उलथापालथीत पाड्यावरच्या बाईचा आवाज कुठून पोचणार?

आपण काय करायचं

पहिली गोष्ट, बिलाचं वाचन गटाच्या बैठकीत व्हावं. दर महिन्याला दोन बिलं मोठ्यानं वाचा. रीडिंग जुळतं का पाहा. थकबाकीसाठी वीज तोडायची तर पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, हे कलम ५६ सांगतं. बिलाबद्दल वाद असेल, तर हरकत नोंदवून मागणीची रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यांतलं जे कमी असेल ते भरता येतं, आणि वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. तक्रारीसाठी ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, त्यावर विद्युत लोकपाल आहे.

दुसरी गोष्ट, मीटर नवरा-बायको दोघांच्या नावावर, आणि एकट्या बाईचं तिच्या एकटीच्या नावावर. ही मागणी हवेतली नाही. २००३ मध्ये राज्यानं ग्रामपंचायतीच्या दप्तरी घर दोघांच्या नावावर लावण्याचा निर्णय घेतला. २००६ च्या वनहक्क कायद्यात विवाहितांच्या वनजमिनीचा हक्क पती-पत्नीच्या संयुक्त नावानं नोंदवायची तरतूद आहे. त्या जमिनीसाठी आमच्या भागातल्या बायका २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेल्या. जमिनीवर दोघांचं नाव चालतं, तर मीटरवर का चालू नये?

तिसरी गोष्ट, पुढच्या दरवाढीच्या वेळी आपल्या संघटनांनी बायकांच्या वतीनं लेखी हरकती पाठवाव्यात. मागण्या साध्या ठेवू या. कमी दराची मर्यादा ३० युनिटांवरून वाढवा आणि ती ठरवताना घरकामाची यंत्रं मोजा. सवलतीची वेळ मजूर बाईच्या दिवसाशी जुळवा. सुनावणी तालुक्याच्या गावी, बाजाराच्या दिवशी, मराठीतल्या चार पानी सारांशासह घ्या.

सत्तरच्या दशकात मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा स्वयंपाकघरातला भाव हा राजकारणाचा विषय झाला. आज त्याच स्वयंपाकघराच्या भिंतीवर मीटर फिरतं आहे. त्याच्याखाली कुणाचं नाव लिहिलं आहे, हे आधी घरी जाऊन वाचा. मग गटात विषय काढा. अर्ज लिहायला अडचण आली तर आम्हाला पत्र टाका, आपण मिळून लिहू.